काकड्याहून उठून आलेल्या ताईंना

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असा मजकूर काढून बाकीचं थोडक्यात देत आहे.)

"आदरणीय बाई,

मी तासगाव तालुक्यातली. वय ४६. गेल्या मार्गशीर्षात आमचे मालक द्राक्षबागेतच गेले. औषध मारायची तयारी करता करता खाली बसले, ते उठलेच नाहीत. वीस वर्षं आमच्या महिला भजनी मंडळात मी हरिपाठ सांगत आले. मी पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागनं. आता देवापुढं बसले की तोंडच उघडत नाही. शब्द पाठ आहेत, पण दुसऱ्या कुणाचे तरी वाटतात. घरात येणारं-जाणारं म्हणतं, देवाला आवडले, देवाची मर्जी, तुकोबांनी पण किती सोसलं बघ. ऐकलं की अंगाची आग होते.

यंदा कार्तिकात मन धरून काकड्याला गेले. तिथं एक जण म्हणाली, 'तू जरा मागं बस, पुढं सवाष्णी बसू देत.' मी उठून घरी आले, पुन्हा गेले नाही. मुलगा वीस वर्षांचा आहे. कॉलेज सांगलीत, पण आता बाग तोच बघतो. तो म्हणतो, आई, देवबिव सोड, त्यानं काय दिलं आपल्याला. आणि आमच्या आत्या, म्हणजे सासूबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पहाटे चारला उठून ओव्या म्हणत बसतात, काही झालंच नाही असं. मला त्याचाही राग येतो.

एका रात्री बेदाण्याच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, मी चार ओळी लिहिल्या. कविता म्हणावी असं काही नाही. फाडून टाकाव्या वाटतात, पण हात होत नाही. माझा देव यांच्याबरोबरच गेला असं वाटतं. मग रात्री अडीचला जाग आली की अभंगाच्याच ओळी का आठवतात? माझी श्रद्धा मेली म्हणायची, की आहे?"

ताई,

तुमचं पत्र आलं त्या रात्री मी गाथा काढली. "माझा देव यांच्याबरोबरच गेला" हे वाक्य वाचताना काहीतरी ओळखीचं वाटलं होतं आणि कुठलं ते लगेच आठवेना.

माझी गाथा २०१९ च्या पुरात भिजलेली आहे. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्या आम्हा लोकांना तो ऑगस्ट विसरता यायचा नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. आम्ही विश्रामबागला नातलगांकडे होतो. परत आलो तेव्हा खालच्या कपाटातली पुस्तकं फुगून एकमेकांत रुतली होती. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीतून कोरड्या वर आल्या असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. माझी गाथा ओलीचिंब होती आणि तिला गाळाचा वास येत होता. पुढं ऊन पडल्यावर गच्चीत बसून, फूटपट्टी घालून, मी तिचं एकेक पान सोडवत होते. त्यातलंच एक पान सुटलं आणि हे दिसलं:

माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल ॥
गोष्टी न करीं नांव न घें । गेलों दोघें खंडोनी ॥

माझ्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो. मी त्याच्याशी बोलणार नाही, त्याचं नाव घेणार नाही, आमचं दोघांचं तुटलं. हे तुकोबा म्हणताहेत. तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं, अभंग शिकवले, पण हा कधी वर्गात घेतला नव्हता. खरं तर नीट वाचलाच नव्हता. त्या दिवशी गच्चीत मी तो मोठ्यानं वाचला आणि खाली, चिखल काढलेल्या घरात, बराच वेळ गेले नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की जे वाक्य लिहिताना तुमचा हात कापला असेल, ते पावणेचारशे वर्षांपूर्वीच म्हणून झालेलं आहे आणि तुमच्या मंडळाच्या कपाटात जी गाथा आहे तिच्यातही ते असणार. साडेचार हजारांवर अभंगांतला हा एक. कुणी तो लाजून गाळला नाही.

यावरून तुमची श्रद्धा शाबूत आहे असं मी म्हणणार नाही. राग म्हणजेच भक्ती, असं सांगून रागावलेल्या माणसाला गप्प बसवायची आपल्याकडे एक रीत आहे, आणि मला ती करायची नाही. तुमची श्रद्धा आहे की गेली, हे मला इथं बसून कळणार नाही. तुम्हाला तरी ते या वर्षात कळलंच पाहिजे असं कुठं आहे? पण "देव गेला" म्हणणाऱ्या बाईला या परंपरेत जागा नाही असं जर तुम्ही धरून चालला असाल, तर ते चूक आहे, आणि हे मात्र मी खात्रीनं सांगते. जनाबाईंचं घ्या. "अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या" अशी सुरुवात करून पुढं त्या विठोबाला जे बोलतात, ते मी तुमच्या आजच्या अवस्थेत इथं लिहीत नाही. शेवट मात्र लिहिते: "उभी राहूनि अंगणीं । शिव्या देत दासी जनी." देवळाबाहेर, अंगणात उभी राहून, नाव घेऊन शिव्या. आणि त्यालाही आपण अभंगच म्हणतो.

आता, "तुकोबांनी पण किती सोसलं बघ" याबद्दल. तुमच्या अंगाची आग का होते ते मला कळतं, कारण ती आग मी एकदा दुसऱ्याच्या अंगाला लावलेली आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या एका सहकारी शिक्षिकेचा मुलगा अपघातात गेला. मी भेटायला गेले. ती भिंतीला टेकून बसली होती. मला बोलायला काही सुचेना आणि गप्प बसणं सोसेना. म्हणून मी तुकोबांच्या ओळी काढल्या: "बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली." संकटानं त्यांना देवाकडं कसं वळवलं, हेही वर सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली, मग उठून आत गेली. मी निवृत्त होईपर्यंत ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. मी माफी मागायला गेले नाही. ते अजून टोचतं.

त्या ओळी खऱ्याच आहेत. पण "बरें जालें" म्हणायचा हक्क ज्याचं दिवाळं निघालं त्याचा, आणि तोही त्याला जेव्हा म्हणावंसं वाटेल तेव्हा. बायकोला पोचवून आलेल्या संध्याकाळी तुकोबा असं म्हणाले असतील यावर माझा विश्वास नाही. अभंगातला "मी" म्हणणाऱ्याचा असतो. आपण तो आपल्या तोंडानं म्हणतो तेव्हा तो आपला होतो. तोच उचलून दुसऱ्याच्या दुःखावर ठेवला की त्याचं ओझं होतं. तुम्हाला वर्षभर लोकांनी हे ओझं दिलं. त्यांचा हेतू वाईट नसेल, माझाही नव्हता. पण उद्या कुणी पुन्हा म्हणालं, तर "मला आत्ता नको ते" एवढं सरळ सांगून टाका. त्यात तुकोबांचा अपमान नाही.

आणि तुकोबांनी सोसलं म्हणजे काय सोसलं, ते त्यांच्याच शब्दांत वाचा, तेही तुम्हाला वाटलं तर. १६३०-३१ चा दुष्काळ. घरची महाजनकी होती, दुकानदारी होती. सगळं बसलं. त्या काळाबद्दल ते लिहितात:

दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली ॥

पुढच्या ओळीत जिवाची लाज वाटते म्हणतात आणि धंद्यात तूट आली हे सांगतात. या ओळींत एकही उपमा नाही, "पण देवानं तारलं" असंही लगेच नाही. पंचनाम्यात लिहावं तसं आहे: पैसा गेला, मान गेला, बायको मेली. बायकोच्या तोंडचा शेवटचा शब्द तेवढा त्यांच्या कानात राहिला, आणि तो त्यांनी दोनदा लिहिला. अन्न, अन्न.

तुमच्या वहीच्या मागच्या पानाबद्दल मी जे सांगणार आहे ते इथूनच. ते पान फाडू नका. त्या चार ओळींत काय आहे हे तुम्ही कळवलं नाहीत, आणि मला विचारायचंही नाही. त्या कविता आहेत की नाहीत हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. यमक जुळवू नका, "हे देवा" लिहायला हवं म्हणून लिहू नका. त्या सकाळी काय झालं ते लिहा. किती वाजले होते, चहा झाला होता का, कुठल्या ओळीत ते बसले, शेवटचं काय बोलले, पंप कुणी बंद केला. तुम्ही पत्रात एकच ओळ लिहिलीय, "खाली बसले, ते उठलेच नाहीत." ती वाचून माझा हात थांबला. एवढ्याच साधेपणानं पुढचं लिहा.

लिहिण्यानं काय होतं याचा अभ्यासही झालेला आहे. जेम्स पेनबेकर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत जड गोष्टीबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि मनातलं दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या काही महिन्यांत डॉक्टरकडं कमी वेळा जावं लागलं. पण लिहून उठताना मात्र त्यांना आधीपेक्षा जास्त वाईट वाटत होतं. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पहिल्या दिवशी वही मिटल्यावर रडू कोसळलं तर आपण काही चुकीचं केलं असं तुम्हाला वाटायला नको. पुढं इतरांनी असे पुष्कळ प्रयोग केले, आणि सगळ्यांनाच सारखा फायदा होतो असं दिसलेलं नाही. म्हणून औषधाच्या डोसासारखं रोज लिहायलाच हवं असं समजू नका. नाही झेपलं तर थांबा. फक्त वर्षश्राद्ध जवळ आलंय. त्या आठवड्यात घर माणसांनी भरलेलं असेल आणि तुम्हाला स्वतःशी बोलायला जागा मिळणार नाही. वही उशाला असू द्या.

काकड्याचं आता. हे वाचून माझा संताप झाला आणि तो मी लपवणार नाही.

तुम्ही लिहिताय की देवापुढं बसलं की तोंड उघडत नाही. मला तुमच्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्या एकमेकींत गुंतल्यात. एक, दुःखानं बसलेली दातखीळ. ती आपल्या वेळेनं सुटेल. दुसरी, ज्या देवळात तुम्ही वीस वर्षं पुढं बसून हरिपाठ सांगितलात, तिथं तुम्हाला मागं बसवलं गेलं. हे देवानं केलेलं नाही. कपाळ बघून जागा ठरवणाऱ्या माणसांनी केलंय. त्या पहाटे तुम्ही घरी आलात त्यात तुमची श्रद्धा किती उरली हे कुठं दिसतं? तुमचा मान तुम्ही उचलून घरी आणलात.

तुमच्यापासून लांब नाही, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, समारंभातनं बाईला बाजूला ठेवणं, हे गावानं बंद करायचं ठरवलं. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसंच करायला सांगितलं. ठरावानं मनं एका रात्रीत बदलत नाहीत, मला ठाऊक आहे. पण तुमच्या मंडळात एखादी तरी बाई अशी असेल, जिला त्या पहाटे वाईट वाटलं आणि जी गप्प बसली. तिला गाठा. मंडळात पुन्हा जायचं ठरवलंत तर एकट्या जाऊ नका, तिच्या शेजारी पुढं बसा. आणि जायचं नसेल तर जाऊ नका. वीस वर्षं तुम्ही हरिपाठ सांगितलात, काही दिवस दुसरं कुणी सांगेल. हरिपाठाची पहिली ओळ तुम्हीच असंख्य वेळा म्हटली असेल: "देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी." दारात, क्षणभर, एवढंच तिथं मागितलेलं आहे. सत्तावीस अभंग एका बैठकीत, चालीवर, सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हटलेच पाहिजेत, हा आपल्या मंडळाचा नियम. तुमच्याच उंबऱ्यात उभं राहून एक ओळ म्हणालात तरी चालतं. नुसतं उभं राहिलात तरी.

रात्री अडीचला ओळी का आठवतात? त्याचं फार मोठं उत्तर माझ्याकडं नाही. वीस वर्षं जिभेला एक वळण पडलंय, श्वास त्या चालीवर चालायला शिकलाय. झोप मोडली, मन मोकळं सापडलं, की ते वळण आपोआप पुढं येतं. त्यावरून श्रद्धेचा निकाल लावू नका, इकडूनही आणि तिकडूनही. पण आलेली ओळ हाकलूही नका. कुठली ओळ आली ते बघा. एखादीच पुन्हा पुन्हा येत असेल तर ती त्या वहीत लिहून ठेवा, तारीख घालून.

अडीचला जाग येण्याबद्दल मात्र एक रोखठोक प्रश्न आहे. रोज असं होतंय का? जेवण जातं का? मरून जावं, असं मनात येतं का? यांतलं काही "हो" असेल, तर अभंग आणि वही दोन्ही राहू द्या आणि आधी डॉक्टरकडं जा. मुलाला घेऊन जा. दुःखाचा आजार होतो तेव्हा त्याला औषध लागतं, जसं तुमच्या बागेत डावणी रोग आल्यावर तुम्ही नुसती प्रार्थना करत बसत नाही. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. रात्री अडीचलाही लागतो. हा नंबर त्या वहीच्या पुठ्ठ्यावर आत्ताच लिहून ठेवा, लागो न लागो.

आता आत्यांबद्दल, आणि इथं मी तुमच्याशी जरा भांडणार आहे.

"काही झालंच नाही असं" त्या ओव्या म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. ताई, तुमच्या पत्रात ते तुमचे मालक आहेत आणि मुलाचे वडील आहेत. ते आत्यांचे पोटचे होते, हे त्या पत्रात कुठंच नाही. मी दोष देत नाही. दुःखात माणसाला आपल्या ताटाएवढंच दिसतं, माझंही तसंच झालेलं आहे. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मुलगा गेलेली बाई पहाटे चारला उठून बसते, तेव्हा काही झालेलं नसतं असं कसं होईल?

ओवी ही काय चीज आहे ते आपण विसरून चाललोय. गिरण्या आल्या, दळणाची जाती अंगणात उलटी पडली, पण त्या पिढीची उठायची वेळ तीच राहिली. जात्यावर बसलेल्या बाईचं तोंड दगडाकडं असायचं. घर झोपलेलं, घरघर चालू. दिवसा सासूला, नवऱ्याला, जावेला जे सांगता यायचं नाही ते तिथं निघायचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेर आहे, भाऊ आहे, पंढरी आहे, पाऊस आहे, सासुरवास आहे आणि मरणही आहे. या बायका देवाला ज्या आवाजात हाक मारतात त्याच आवाजात लेकराला मारतात. भक्ती आणि कविता असे दोन कप्पे त्यांच्याकडं नव्हतेच. तुम्हाला पडलेला प्रश्न, अभंग आठवतो म्हणजे देव आठवतो का, हा त्यांना कदाचित समजलाही नसता.

आणि ओवीत बाई आपल्या माणसाचं नाव गुंफते. भावाचं, मुलाचं, नातवाचं. साचा जुना असतो, नाव तिचं.

तुम्ही अडीचपासून जाग्याच असता. एक दिवस चारला उठून त्यांच्या जवळ जाऊन बसा. काही बोलू नका, त्यांना थांबवू नका. लांबून, रागानं ऐकलेली ओवी नुसती गुणगुण वाटते. जवळ बसून ऐका. मला वाटतं, त्या ओव्यांत तुमच्या मालकांचं नाव असणार. नसलं, तरी त्या कुणाला हाक मारताहेत ते तुम्हाला कळेल.

मुलाबद्दल थोडंच सांगते. त्यानं देव सोडायला सांगितलं, यात त्यानं काही वाईट केलेलं नाही. वीस वर्षांचा पोरगा कॉलेज सांभाळून, वडील जिथं गेले त्याच बागेत रोज फवारणीचा ब्लोअर चालवतो. त्याला देवावर बोलायचा पूर्ण हक्क आहे. त्याला वळवायला जाऊ नका, आणि त्यानं तुम्हाला वळवायची गरज नाही हेही शांतपणे सांगा. पण त्याला एक काम द्या. आजीच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड करायला सांगा, आणि पावसाळ्यात सवड मिळेल तेव्हा उतरवायला. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. लवकर वैधव्य आलं, शेतात राबताना आणि घरात दळता-कांडता त्या गात राहिल्या. मुलानं, सोपानदेवांनी, ते कागदावर उतरवलं, म्हणून त्या १९५१ मध्ये गेल्यानंतर पुढच्या वर्षी पुस्तक निघालं आणि ते आपल्यापर्यंत आलं. तुमच्या आत्यांचं पुस्तक निघावं असं मी म्हणत नाही. पण ज्याला देवाचं नाव नको झालंय, त्याला आजीचा आवाज नको होईल असं मला वाटत नाही.

शेवटी, संक्रांत. मला तुमची सगळ्यांत जास्त काळजी या दिवसाची वाटते. वर्षश्राद्धाला माणसं असतील. संक्रांतीला गल्लीतल्या बायका नव्या साड्या नेसून वाणं लुटायला निघतील, तुमच्या दारावरून जातील, आणि एखादी नजर चुकवेल. त्या दिवशी घरात बसू नका.

औदुंबरला जा. अंकलखोपजवळ, कृष्णेच्या काठावर, तुमच्यापासून जाऊन-येऊन होण्यासारखं. दत्ताच्या पादुका तुम्ही पाहिल्या असतीलच. पण दर संक्रांतीला तिथं, झाडांच्या सावलीत, सदानंद साहित्य मंडळाचं साहित्य संमेलन भरतं, हे कदाचित ठाऊक नसेल. "दत्त दिगंबर दैवत माझे" हे गीत लिहिणारे कवी सुधांशू याच औदुंबरचे. आसपासच्या गावांतनं माणसं येतात, शेतकरी येतात, शिक्षक येतात, पोरं येतात. कविता वाचल्या जातात. त्या दिवशी तिथं कुणी तुमचं कपाळ बघून जागा दाखवत नाही. पादुकांपुढं हात जोडावेसे वाटले तर जोडा, नाही वाटले तर नदीकडं बघत बसा.

मुलाला गाडी काढायला सांगा. आत्यांना बरोबर घ्या, पुढच्या सीटवर बसवा, त्यांचे पाय अवघडतील. तिळगूळ घरून न्या. हिशेबाची वहीही पिशवीत टाका, वाचून दाखवायला म्हणून नव्हे, नुसती जवळ असू द्या.

आणि आत्या पहाटे काय म्हणतात, ते ऐकलंत की मला कळवा. मी वाट बघते आहे.

तुमची,
बाई
सांगली